दुसरी पट्टी

काजानीत त्या सकाळी उणे सत्तावीस होतं.
ओइवा केम्पाइनेनने संगणक घोंगडीत गुंडाळून
बर्फावर ढकलायच्या खुर्चीत बसवून आणला,
वर दोरी बांधली होती, म्हाताऱ्या आत्याला बांधावी तशी.

"पंधरवड्यापूर्वी ठीक होता," तो म्हणाला
आणि कॉफी संपेपर्यंत पुढचं काही बोलला नाही.
आमच्याकडे ही सविस्तर तक्रार झाली.

दुसऱ्या कपाला कळलं ते असं:
भाच्याने, इल्पोने, मेमरीची एक वापरलेली पट्टी आणून बसवली,
आठाचे सोळा केले, आणि तेव्हापासून
यंत्र कधी तिसऱ्या मिनिटाला गोठतं,
कधी दिवसभर गुणी बाळासारखं चालतं
आणि घुबडाच्या ऐन हाकेवर निळं पडतं.

हो, घुबड.
नदीतून ओंडके वाहून नेण्याचं काम बंद पडल्यावर
ओइवा रात्रीच्या रानात माइक घेऊन बसायला लागला.
अकराशे रात्री आहेत त्या डब्यात.

आधी मी यंत्राला तासभर नुसतं बसू दिलं,
थंडीतून आलेल्या धातूवरचं दंव सुकेपर्यंत.
"इल्पोने पट्टी बसवली तेव्हा अंगात काय होतं?"
"लोकर," ओइवा म्हणाला. "हिवाळा आहे."
इथल्या कोरड्या हवेत दाराच्या मुठीलासुद्धा ठिणगी उडते.
झालं, मी मनात निकाल देऊन टाकला.
घरात काही फुटलं की आधी नव्या सुनेकडे बघतात, तसा.

पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवरून
मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर फिरवला.
नाण्याएवढी बॅटरी काढून पुन्हा घातली.
मग नवीला एकटीला लावलं आणि चाचणी सोडून झोपले.
सकाळी: चार फेऱ्या, चुका शून्य.
मला जरा वाईटच वाटलं.
दुसऱ्या रात्री जुनी. शून्य.
तिसऱ्या रात्री जुनी, दुसऱ्या खाचेत. शून्य.
चौथ्या रात्री दोघी मिळून,
आणि सव्वातीनला उठून पाहते तर
पडद्यावर लाल ओळ, तिच्याखाली लाल ओळ,
वाचता वाचता वर सरकून जाणारी.

एका म्यानात दोन तलवारी, असं जिभेवर आलं होतं.
पण म्यान चौघींसाठी बनवलेलं,
आणि तलवारी कसल्या, बोटभर हिरव्या पट्ट्या.

भिंग घेऊन लेबलं वाचली.
जुनीवर सव्वीसशे सहासष्ट. नवीवर बत्तीसशे.
बोर्डाने नवीचं ऐकलं होतं
आणि दोघींना तिच्या वेगाने पळवत होता.
जुनी मागून धापा टाकत यायची,
बहुतेक वेळा पोचायचीसुद्धा.
सगळा घोळ त्या 'बहुतेक'मध्ये होता.

वेग हाताने खाली आणला.
दोन रात्री चाचणी. एकही लाल ओळ नाही.

"किती हळू झाला?"
"तुम्हाला कळणार नाही."
त्याने विचार केला. त्याचा विचार दिसतो, भुवया जवळ येतात.
"मोठं घुबड आठ सेकंदांनी एकदा हाक मारतं," तो म्हणाला.
"त्यालाही कळणार नाही."

मग तिथेच, दुकानात, त्याने एक रात्र लावली.
हाक आली.
मी यंत्र गोठायची वाट पाहत राहिले,
तो पलीकडच्या काठावरल्या मादीची.
बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं.
तेवढंच त्या रात्रीत नव्हतं.

"इल्पोला फोन करा," मी म्हटलं. "त्याची पट्टी चांगली आहे."
ओइवा दोरीला गाठ मारत होता.
"त्याला वाईट म्हटलंच नव्हतं."
"काय म्हटलं होतं?"
त्याने दुसरी गाठ मारली, पहिलीवर, घट्ट.
"काहीच नाही," तो म्हणाला. "पंधरा दिवस."